आंबूस वास

वाइनवर लिहिणाऱ्या सलिलला, नाशिकला वाइन बनवणाऱ्या धनंजयवरच्या लेखातून हवं ते मिळालं होतं: पुरस्कार, आणि ‘द्राक्षांचा कवी’ असं नाव. आता ठाण्याच्या खोपट एसटी स्थानकावर नाशिकच्या बसची वाट बघत तो बायकोपाशी मन मोकळं करत होता आणि अख्खा बाक ऐकत होता.

“पिंपातली वाइन चाखताना आंबूस वास मला तेव्हाच आलेला, चित्रा.”

“आणि लिहिलंस काय?”

“आजोळच्या कैऱ्यांची आठवण.”

“वा! नमुना तपासून घ्यायचा ना.”

“आकडे घातले की लेख कोरडा होतो, वाटलं.”

“धनंजय तुझ्यावर विसंबला. न तपासता सगळी वाइन बाटल्यांत भरली बिचाऱ्याने.”

“सगळ्याचं व्हिनेगर झालं गं.”

“फोनवर ओरडला?”

“नाही. म्हणाला, तुझा लेख अजून भिंतीवर आहे.”

“म्हणजे नाव तुझं झालं, आणि वर्षभराची द्राक्षं त्याची गेली.”