फाटकाची मोटर

(कझाखस्तानच्या माळावरचं रेल्वेफाटक. फाटकवाला तोलेगेन अटकेत आहे. त्याची बायको बागिला आणि त्याचा थोरला भाऊ, सरकारी सुरक्षा-तपासनीस, स्वयंपाकघरात बोलताहेत.)

भावजी: मी पाहिलं तेच अपघाताच्या चौकशी आयोगाला सांगितलं, बागिला. माझ्या तपासणीच्या दिवशी फाटक आपोआप खाली येत होतं.

बागिला: येणारच! त्या दिवशी मोटर इथं होती ना.

भावजी: हळू बोल.

बागिला: का? मेंढ्या ऐकतील? "येतोय" म्हणून तुमचा फोन आला, की इथं मेंढी कापायची आणि मागच्या फाटकावरची मोटर आणून बसवायची. तुम्ही जेवून जरा आडवे झालात, की तुमचाच भाऊ ती मोटारसायकलवर बांधून पुढच्या फाटकावर. अख्ख्या लाइनीला मोटर एक, आणि तुम्ही दर फाटकावर तिलाच पास करायचात!

भावजी: त्याला कुणी सांगितलं होतं असले धंदे करायला?

बागिला: स्टेशनमास्तरनं. आणि हा हौसेनं करायचा. थोरल्या भावाची मान खाली जायला नको ना! तुम्हाला ठाऊक नव्हतं?

भावजी: ...होतं.

बागिला: मग?

भावजी: मग काय लिहू? मंत्रालयाच्या योजनेत सगळ्या फाटकांना कधीच मोटरी बसल्यात. 'नाही' लिहिलं की बदली. आणि भावाच्या घरचं मीठ खाऊन त्याच्याच फाटकावर शेरा मारू?

बागिला: नाही मारलात. दूधगाडीला आगगाडीनं उडवलं, दोघं गेले. आणि आता म्हणे, फाटकवाला झोपला होता!

भावजी: 'झोपला असावा' म्हटलं मी. चांगला वकील देऊ. शिक्षा कमी होईल.

बागिला: मोटर नव्हती म्हणून भर दुपारी हातानं फाटकाचा दांडा ओढत होता हो तो! अंगाखांद्यावर खेळवलंत ना त्याला? माझ्या बापापेक्षा जास्त विश्वास टाकला तुमच्यावर. गळा कापलात आमचा.

भावजी: मलाही बायकापोरं आहेत.

बागिला: त्याला नाहीत? उद्या मी जाते आयोगापुढे.

भावजी: आणि? पहिलाच प्रश्न येईल, कुठला तपासनीस? सासरच्या थोरल्याचं नाव आजवर तोंडातून काढलंयस? आपल्यात कुठली सून काढते? गाव तोंडावर थुंकेल तुझ्या.

बागिला: थुंकू दे.

भावजी: नाही जमणार तुला.

बागिला: कैरबेक... कैरबेक झुमागुलोव. जमलं की, भावजी.