निर्णय कोल्बीचाच!

...नाही नाही, निर्णय पोराचाच होता हो! तुम्हाला सांगतो, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही... म्हणजे गाडीला एका मोठ्या कॉलेजचा लालभडक रंग तेवढा मारून आणला, कुत्र्याचा पट्टाही लाल केला, पण त्याला काय दबाव म्हणतात? आमचा कोल्बी म्हणजे पश्चिम टेक्सासात शाळेच्या फुटबॉलमधला सगळ्यात जोरात पळणारा गडी, बारा कॉलेजांची शिष्यवृत्तीसकट बोलावणी आलेली, मग बापानं नाचू पण नये?

तर त्या लाल कॉलेजचे कोच खुद्द आमच्या घरी जेवायला! आमच्या बायकोनं, डार्लीननं, ब्रिस्केट म्हणजे धुरावर शिजवलेलं गोमांस केलेलं, वर गोड म्हणून पीच फळांचं कॉबलर केलेलं, आणि कोच काय गोड बोलतात... ‘‘कोल्बी बेटा, नव्वद हजार माणसं तुझ्या नावानं ओरडतील!’’ काटा माझ्या अंगावर! मी म्हटलं, ‘‘सही कुठं करायची?’’ डार्लीननं टेबलाखालून अशी लाथ घातली... म्हटलं, हो हो, निर्णय पोराचाच!

आणि कोल्बी शांतपणे विचारतो, ‘‘सर, माझा गुडघा गेला तर शिष्यवृत्ती राहील?’’

कोचनी कॉबलरची वाटी पुढं ओढली. ‘‘हॅ हॅ... असं अभद्र कशाला बोलायचं?’’

‘‘पण गेला तर?’’

‘‘बघू की तेव्हा...’’

बघू! अहो, हेच ‘बघू’ मी एकोणिसाव्या वर्षी ऐकलेलं! असंच मोठं कॉलेज, मैदान बघूनच भाळलो, एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा फुटला, कोच म्हणाले ‘बघू’, शिष्यवृत्ती गेली, तिसऱ्या वर्षी मी टायरच्या दुकानात कामाला! मग पोराला हे शहाणपण मी शिकवलं? छे! मी गाडी रंगवत होतो!

पुढच्या आठवड्यात एका छोट्या कॉलेजच्या कोचबाई... नव्हे, कोच आणि त्यांची बायको, दोघं आले. तोच प्रश्न. त्या माणसानं सरळ लिहून दिलं: खेळ, नाहीतर नको खेळू, चारही वर्षांची शिष्यवृत्ती आमची. वर गुरांच्या डॉक्टरकीचा अभ्यासही तिथं, कोल्बीला हवा होता तोच. मी आपलं पुटपुटलो, ‘‘पण मैदान केवढंसं...’’

‘‘डॅड, निर्णय कोणाचा?’’

‘‘...तुझाच रे बाबा.’’

कॉलेजच्या करारावर सही करायच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये अख्खं गाव! पोरानं छोट्या कॉलेजची हिरवी टोपी घातली. पेपरची बातमीदार विचारते, ‘‘एवढा विचार करायला कुणी शिकवलं?’’

‘‘डॅडनी! ते म्हणतील त्याच्या उलट करत गेलो.’’

सगळे खो खो हसतायत... आणि सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवतंय? मीच! दुसरं काय करणार हो, पोरगं खोटं थोडंच बोलत होतं!