पेंढ्याच्या छपरांचा ठराव आणि पंढरीच्या दारची शिडी

पोलीस ठाणे कल्याण, तारीख २८ माहे जून सन १८८५, रविवार, सकाळी नऊ वाजता.

माझे नाव विश्राम बिन तुकाजी मापारी, वय अदमासे चौसष्ट वर्षे, धंदा पूर्वी बंदरावर भाताचे माप घालण्याचा, हल्ली घरीच, राहणार खाडीकडली आळी, कल्याण.

समक्ष हजर होऊन लिहून देतो की, मला कोणी बोलावणे पाठविलेले नाही. मी आपल्या पायाने आलो आहे. माझा शेजारी पंढरी बिन सखाराम, वय तीस, धंदा गाडीवान, हा गेल्या मंगळवारपासून येथे अटकेत आहे. म्युनिसिपालिटीचा मजूर गोपीनाथ, राहणार मोहने, हा पंढरीच्या छपरावरून पडला व गुरुवारी दवाखान्यात वारला. शिडी आपण ओढली असे पंढरीने मंगळवारीच फौजदारसाहेबांना सांगितले. त्याबाबत मला ठाऊक आहे ते सांगतो.

हवालदार म्हणतात, मंगळवारचे तेवढे बोला. पण मंगळवार हा पिकलेला आंबा झाला, त्याची कोय मे महिन्यात पुरलेली आहे. म्हणून तिथून सांगतो.

तारीख १३ मे, बुधवारी सकाळी आमच्या आळीत दवंडी पिटली. मागोमाग जाहीरनामा चावडीच्या भिंतीला डकविला. तो मी वाचून आळीला सांगितला. मी शाळेत गेलेलो नाही. गोणीवरच्या खुणा आणि व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या बघून बघून अक्षर शिकलो. तेव्हा आळीत कोणाचाही कागद आला की तो माझ्या ओटीवर येतो, आणि मीही अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन सल्ला देतो.

जाहीरनाम्यात होते ते असे. शहराच्या हद्दीत पेंढ्याची व झावळ्यांची छपरे ठेवू नयेत, कौले घालावीत, असा ठराव कमिटीपुढे आला आहे. कोणाची हरकत असेल किंवा कोणाला जास्त मुदत पाहिजे असेल तर त्याने तीस दिवसांत, म्हणजे १२ जूनपर्यंत, लेखी अर्ज करावा. न केल्यास ठराव कायम होईल व राहिलेली छपरे म्युनिसिपालिटी आपल्या माणसांकडून काढील.

ठराव वाईट होता असे मी म्हणत नाही. दोन वर्षांमागे होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच आळीतली अकरा घरे एका ठिणगीने गेली. त्यात माझेही घर होते. आज माझ्या घरावर कौले आहेत ती त्यामुळेच. पण उरलेल्या सतरा घरांवर पेंढा होता, आणि पावसाळा तोंडावर आलेला. त्यांना चार महिन्यांची मुदत पाहिजे होती. दिवाळीपर्यंत सगळ्यांनी कौले घातली असती. अर्ज केला की मुदत मिळणार, हे आमच्या भागाचे मेंबर त्र्यंबकराव यांनी मला स्वतः सांगितले होते. ते म्हणाले, "अण्णा, कागद वेळेत आणा. बाकीचं मी सभेत बघतो."

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या दिवशी वैशाखी अमावास्या. तिसऱ्या दिवसापासून अधिक ज्येष्ठ लागला. धोंड्याचा महिना. त्यात आम्ही जावयाला वाण देतो, दानधर्म करतो, पण नवे काम हाती धरत नाही. घराला हात लावत नाही. सरकारदरबारी कज्जा सुरू करत नाही. मी आळीला सांगितले, अमावास्येला अर्ज नको आणि मळमासात तर नकोच, यश येत नाही. निज ज्येष्ठाच्या पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन जाईन. कोणी म्हणाले, तोपर्यंत मुदत संपेल. मी म्हणालो, "अरे, अधिक महिना हिशेबात धरायचा नसतो. श्राद्धाला धरत नाहीत, लग्नाला धरत नाहीत, तो अर्जाला कोण धरील?" माझ्या शब्दावर सोळा घरे गप्प बसली.

पंढरी एकटा गप्प बसला नाही. त्याची बायको रतन दिवस भरत आलेली. त्याने वैशाखातच कुंभाराकडून कौले आणून अंगणात रचून ठेवली होती, वासेही आणले होते. तो मला म्हणाला, "अण्णा, मी आत्ताच घालून टाकतो. चार दिवसांचं काम आहे. पाऊस काय पंचांग बघून येतो का?" मी त्याला म्हणालो, "पहिल्या मुलाचं घर आहे ते. मळमासात आढ्याला हात लावशील आणि उद्या काही वेडंवाकडं झालं तर कोणाला बोल लावशील?" त्याने हातातला वासा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर राहू दे." त्याचा बाप सखाराम माझ्याबरोबर बंदरावर होता. तो गेल्यापासून पंढरीने माझा शब्द खाली पडू दिलेला नाही. कौले अंगणातच राहिली.

तारीख १३ जून, शनिवार, निज ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा. मी आंघोळ करून, देवापुढे कागद ठेवून, सतरा घरांचे अंगठे आणि निशाण्या असलेला अर्ज घेऊन कचेरी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. कारकुनाने अर्ज वाचला आणि म्हणाला, "अण्णा, काल मुदत संपली."

मी म्हणालो, "संपली कशी? आज तर महिना लागला."

"जाहीरनाम्यात बारा जून लिहिलंय. तुम्हीच तर वाचून दाखवलं ना लोकांना?"

"वाचलं. पण मधे अधिक होता."

तो हसला. वाईट हसला नाही, पोरगेलासा आहे. म्हणाला, "सरकारला जावई नाही अण्णा, त्याला धोंड्याचा महिना कुठून असणार?" मग माझे तोंड बघून त्याने हसणे बंद केले. अर्ज ठेवून घेतला. म्हणाला, जुलैच्या सभेपुढे मांडतो, पण तोवर काम थांबणार नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मी घरी येऊन आळीला सांगितले. लोक उठून आपापल्या घरी गेले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

तारीख १८ जून, गुरुवारी रतन बाळंत झाली. मुलगी झाली.

तारीख २३ जून, मंगळवारी सकाळी म्युनिसिपालिटीचा जमादार दौलत चार मजूर घेऊन आळीत आला. दोन दिवस लागलेला पाऊस त्या सकाळी उघडला होता, म्हणूनच ते आले. दुपारपर्यंत पाच छपरे उतरविली. लोक भांडी आणि अंथरुणे देवळाच्या पडवीत नेऊन ठेवत होते. सुमारे दोन वाजता ते पंढरीच्या दारी आले. मी तेथे हजर होतो. पंढरी, जमादार, गोपीनाथ आणि रघु नावाचा दुसरा मजूर हे होते.

मी जमादाराला म्हणालो, "बाबा, आत सहा दिवसांची बाळंतीण आहे. आज सटवीची पूजा. दहा दिवस होईपर्यंत तिला हलवता येत नाही, आणि सोयर असताना तिला दुसरा कोणी घरात घेत नाही. तिच्या डोक्यावरचा तेवढा एक खण ठेव. चार दिवसांनी ये, मी स्वतः काढून देतो."

जमादार म्हणाला, "अण्णा, माझी पण सून बाळंतीणच आहे. पण हुकूम अख्ख्या घराचा आहे. एक खण ठेवला तर उद्या सगळी आळी म्हणेल, आमच्यात पण बाळंतीण आहे."

पंढरी म्हणाला, "मग खाली कौलं दिसताहेत ना? मला दोन दिवस द्या. मीच काढतो आणि मीच घालतो."

"इतके दिवस काय केलंत?" जमादाराने विचारले.

पंढरीने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाला, "राहून गेलं."

मग गोपीनाथ शिडी लावून वर गेला आणि मागच्या पाखीपासून, म्हणजे छपराच्या मागच्या उतारापासून, पेंढा ओढू लागला. पुढची पाखी, जिच्याखाली रतन होती, ती अजून शाबूत होती. जमादाराने रघुला सांगितले, तू पुढून सुरू कर. रघुने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मला वाटले, शिडीच ओढून नेली तर पुढची पाखी आजच्यापुरती वाचेल. जमादार दुसरी शिडी आणीपर्यंत दिवस मावळेल. मी पुढे झालो, रघुला बाजूला केले आणि दोन्ही हातांनी शिडी ओढून आडवी पाडली. पंढरी माझ्यामागे होता. तो ओरडला, "अण्णा, नको." शिडीला त्याचा हात लागला तो मला आवरण्यासाठीच.

वर गोपीनाथ कोठे आहे, हे मी पाहिले नाही. पाहायला पाहिजे होते. चाळीस वर्षे बंदरावर शिड्या बघितल्या. वर माणूस असताना शिडीला हात लावू नये हे मीच नव्या हमालांना सांगत असे.

त्याच वेळी वरून गोपीनाथाचा आवाज आला. तो म्हणाला, "जमादार, खाली पोर रडतंय. हा खण मी नाही काढत. उतरतो मी." हे शब्द मी आपल्या कानांनी ऐकले, जमादारानेही ऐकले, त्याला विचारावे. गोपीनाथ आढे ओलांडून पुढच्या पाखीवर आलेला होता. शिडी जेथे असायची तेथे त्याने पाठमोरा पाय खाली सोडला. तो अंगणात रचलेल्या कौलांवर पडला. ती कौले घरावर असती तर तेथे नसती.

आम्ही त्याला फळीवर घालून दवाखान्यात नेले. पंढरी फळीच्या डोक्याकडे होता. फौजदारसाहेब आले तेव्हा मी दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो, जमादार आत गोपीनाथाजवळ होता. साहेबांनी विचारले, शिडी कोणी ओढली? पंढरी म्हणाला, "मी." रघुने तोंड उघडले होते, पंढरीने त्याच्याकडे पाहिले आणि तोही गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. पंढरीला घेऊन गेले.

तेव्हापासून आजपर्यंत पाच दिवस मी गप्प होतो. आळीतले लोक म्हणाले, "अण्णा, तुमचं वय झालं, तुम्ही तुरुंगातून परत यायचे नाही. पंढरी तरणा आहे, सुटेल." मला ते ऐकायला गोड लागले. खोटे कशाला बोलू. रतनच्या खोलीवर गोणपाट बांधले आहे, ते रोज रात्री गळते. बायका पाळीने तिच्याजवळ परात धरून बसतात. ती मला म्हणाली नाही की तुम्ही सांगा. तिने दाराआडून इतकेच विचारले, "ते जेवतात का हो तिथं?"

काल, तारीख २७ रोजी, मी मोहन्याला गोपीनाथाच्या घरी गेलो. चालत गेलो. त्याचे घर नदीच्या अंगाला आहे, म्युनिसिपालिटीच्या हद्दीबाहेर. त्यावरही पेंढाच आहे. यंदा शाकारलेले नाही, कारण ठराव कायम झाल्यापासून तो शहरातली छपरे उतरवीत होता. त्याची बायको नंदा हिने मला ओळख न विचारता पाणी दिले. मग विचारले, "कल्याणाहून आलात, तर शिडी ओढली तो कोण माणूस आहे हो? कसा आहे दिसायला?"

मी म्हणालो, "मीच तो."

ती तांब्या उचलून आत ठेवून आली. मग म्हणाली, "मग इथं कशाला सांगता? जिथं लिहून घेतात तिथं जाऊन सांगा." एवढे बोलून तिने दार लावले. मी परत निघालो आणि आज येथे आलो.

सबब माझे म्हणणे असे की, शिडी मी ओढली. पंढरीने ओढलेली नाही. गोपीनाथाशी माझे वैर नव्हते, त्याला मी त्या दिवसापूर्वी पाहिलेलेही नव्हते. पंढरीने दिलेला जबाब खोटा आहे. त्याला पुन्हा विचाराल तर तो पुन्हा तेच सांगेल. त्याचे ऐकू नये. उद्या त्याच्या मुलीचे बारसे आहे. तेव्हा त्याला आजच सोडावे आणि त्याच्या जागी मला ठेवावे. मी अंथरूण बरोबर आणले आहे.

येणेप्रमाणे जबाब हवालदारांनी माझ्यासमोर लिहिला व मला वाचून दाखविला. वाचताना एके ठिकाणी "शिडी सरकली" असे आले. हवालदार म्हणाले, "अण्णा, असू द्या तसं, तुमच्याच भल्याचं आहे." ते शब्द मी खोडायला लावले व तेथे "शिडी मी ओढली" असे आपल्या हाताने लिहिले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

विश्राम बिन तुकाजी मापारी, सही दस्तुरखुद्द.