सासऱ्यांचा ॲप पासवर्ड

आमच्या सासऱ्यांना फोनवर गुपित सांगू नका, एवढं सांगून ठेवतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली. तिथे फोनवर आलेली सूचना मोठ्याने परत म्हणायची आणि मगच बटण दाबायचं, ही शिस्त. निवृत्त झाले तरी ती सुटली नाही.

परवा त्यांना नव्या लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये ईमेल जोडायचा होता, जुन्या सहकाऱ्यांना इगतपुरीच्या सहलीचं आमंत्रण धाडायला. ॲप नेहमीचा पासवर्ड घेईना. म्हणून मी माझ्या घरून त्यांच्या खात्यात शिरलो, त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड तयार केला आणि फोनवर एकेक अक्षर सांगू लागलो. सासरे गॅलरीत बसून प्रत्येक अक्षर खणखणीत आवाजात परत म्हणत होते.

"बाबा, हळू! पासवर्ड आहे तो!"

"जावईबापू, मोठ्याने म्हटल्याशिवाय चूक कळत नाही."

तरी चूक झालीच. ॲप म्हणे, पासवर्ड चुकीचा. बाबा टाइप केलेलं पहिल्यापासून वाचू लागले, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून पाटीलवहिनींचा आवाज आला, "भाऊ, 'के'नंतरचा 'टी' राहिला!"

'टी' घातला आणि मेल धडाधड यायला लागले.

"बघा!" बाबा खूश.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, हा पासवर्ड आता अख्ख्या सोसायटीला माहीत झालाय. मी तो रद्द करून दुसरा काढतो."

"काढा की," म्हणाले, आणि फोन कानाला तसाच ठेवून खाली ओरडले, "वहिनी, आत जाऊ नका, नवीन येतोय!"