तनूनं न वाचलेला लेख

सभेचे अध्यक्ष बापूसाहेब, मंचावरची थोर मंडळी, क्लासचे सर-मॅडम, लातूरला खोल्या करून राहिलेली लेकरं आन् त्यांच्या आया, सगळ्यांना मुखेडच्या साखराबाईचा नमस्कार. मी चौथी शिकलेली. पण आज माझ्या नातीचा, तनुजाचा सत्कार हाय. तिचा शोधनिबंध छापून आला म्हणून माइक माझ्याकडं दिला. आता लवकर परत मागू नका.

लेकरांनो, तुमच्या परीक्षेत चार उत्तरं छापलेली असतात, एक गोल काळा केला की झालं. तनूच्या कामात उत्तर कुठून आणलं तेबी सांगावं लागतं. ती कॉम्प्युटरवर जगभरचे लेख वाचती. डेटाबेस म्हणती ती, मी कोठार म्हणते. मग निबंधाच्या शेवटी लेख कुणाचा, कोणत्या सालचा, कुठं छापला, कोणत्या कोठारात घावला, समदं मांडती. म्हणलं, "एवढा पसारा कशाला गं?" तर म्हणली, "वाचणाऱ्याला जाऊन बघता यावं, आजी."

मला पटलं. लातूरच्या भूकंपाच्या साली खबर उठली, आज पुन्हा हादरा हाय. आम्ही लेकरं घेऊन पावसात शिवारात. "कुणी सांगितलं?" तर माझा दीर व्यंकटी म्हणला नागप्पानं, नागप्पा म्हणला यष्टीतल्या माणसानं. यष्टी तर गेली निघून. हादरा आला न्हाई, लेकरं मात्र तापानं फणफणली.

तनूचा निबंध त्याच भूकंपानंतरच्या विहिरींवर हाय. तिला एक लेख घावला, अगदी तिच्या म्हणण्यासारखा. पण कोठारात वरचा सारांशच उघडा, आतला लेख कुलपात. निबंध धाडायची मुदत आली. सोबतचे म्हणले, "टाक यादीत नाव, कोण बघतंय?" ही म्हणली, "वाचलाच न्हाई, तर वाचला म्हणून कसं लिहू?" लेख लिहिणाऱ्या बाईला मेल केला आन् बसली वाट बघत. मुदत गेली. छापणं पुढच्या सालावर गेलं. व्यंकटी म्हणला, "एका ओळीपायी साल घालवलं हिनं." मलाबी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

शेवटी लेख आला. सारांशात भूकंपानं विहिरींचं पाणी चढलं येवढंच होतं. आत लिहिलेलं, त्यातल्या निम्म्या विहिरी त्या साली पाऊस लई झाला म्हणून भरल्या. तनूनं अर्धा निबंध पुन्हा लिहिला. आज तो छापून आलाय, बापूसाहेब, आन् त्यातली एक ओळबी यष्टीतल्या माणसानं सांगितलेली न्हाई.

एक गाऱ्हाणं मात्र हाय. भूकंपानंतर आमच्या विहिरीचं पाणी कोमट लागायचं, हे तिला मी सांगितलं. तिनं माझं नाव आत लिहिलं, शेवटच्या यादीत न्हाई. म्हणली, "यादीत दुसऱ्याला उघडून बघता येईल तेच येतं." म्हणलं, मग मी काय कुलपात हाय का? ज्याला पडताळायचं त्यानं मुखेडला यावं. दार उघडं हाय, चहाबी मिळंल.

तुम्ही ऐकून घेतलंत, लई बरं वाटलं. बोलण्यात काही वाकडं गेलं असंल तर पोटात घाला, आन् ते माझ्याच नावावर मांडा. तनूच्या नको. तिनं हे भाषण आधी वाचलेलं न्हाई.