शेवटापासून पाणी

त्रिंबक: तुमी बसा, अर्जुनराव. मी उभाच बरा हाय.

अर्जुनराव: चाळीस वर्षं 'ए अर्जुन' म्हणत आलास. आज तुमी-आमी कावून लावलंस बे?

त्रिंबक: पाणी संस्थेचे अध्यक्ष हायत तुमी. मान द्यावा माणसानं.

अर्जुनराव: टोमणा मारायचा तर नीट मार. तुझं पाणी माझ्या चुकीनं गेलं. मी न्हाई म्हणलो का?

त्रिंबक: व्हय म्हणून हरभरा हिरवा झाला असता तर रोज येऊन तुझ्याकडून व्हय म्हणवून घेतलं असतं.

वैष्णवी: तात्या, चहा घ्या आधी. आबांनी पाण्याच्या पाळ्यांची यादी टाकली होती हो. मी काल बीडहून आले तसं पहिलं तेच बघितलं. यादी फोनमध्ये अजून तशीच आहे, तुमचं नाव एक नंबरला. नुसती गेली नाही कुणाला.

त्रिंबक: सात वर्षं जात होती की. पाटबंधारेवाले पाणी सोडायचे, तुझा आबा फोनवर पाळ्या लिवायचा, शेजारचा शिवशंकर मला ओरडून सांगायचा, मी दारं धरायला जायचो. ह्याच वेळी कावून गेली न्हाई?

वैष्णवी: आबांचा फोन आतून चालवणारी जी पद्धत होती ती कंपनीनंच सोडून दिली. परवडेना म्हणे. मग ज्या ग्रुपवर यादी जायची, त्याच्या कंपनीनंही तो त्या फोनवर बंद केला. एक तारखेपासून.

त्रिंबक: फोन आबाचा आन् बंद करनार ते.

अर्जुनराव: तेच माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. रोख देऊन घेतला, म्हंजे आपला झाला, असं मी धरून चाललो. दोन महिने नोटीस येत होती त्याच्यावर. इंग्रजीत. खालचं बटण दाबलं की जायाची. रोज सकाळी उठून दाबायचो.

त्रिंबक: कुणाला इचारायचं.

अर्जुनराव: कुणाला? ही होस्टेलला. आन् कालव्याच्या चारीवरच्या समद्यांच्या पाळ्या लिवणाऱ्यानं गावात फिरावं का, मला एवढं वाचून दाखवा म्हणून?

त्रिंबक: न्हाई फिरलास. तुझी शान ऱ्हायली, माझं पाणी गेलं.

वैष्णवी: तात्या, त्यांचा पाय सुजला होता त्या आठवड्यात. चारीवर जाता आलं नाही.

त्रिंबक: ठावं हाय मला. म्हणून इतके दिवस आलो न्हाई भांडायला. यादी न्हाई म्हणल्यावर वरच्यांनी आपापली दारं उघडली. दोन दिवस मी खाली कोरड्या चारीत उभा. वरच्या विजयसिंहाच्या उसात मात्र गुडघ्याएवढं पाणी. माझा हरभरा फुलात होता तवा गेलं ते पाणी. आता घाट्यात हाय. परवाचं पाणी भेटलं तर अर्धा तरी हाती लागंल.

अर्जुनराव: भेटल. परवाची यादी शेवटापासूनच सुरू व्हनार, आन् चारीच्या शेवटाला तू हायस. हिनं नवा फोन आणलाय त्याच्यासाठीच. दाखव गं त्याला.

वैष्णवी: नवा नाही, मैत्रिणीचा वापरलेला आहे. त्यातलं आधीचं सगळं काढून मी लिनक्स घातलंय.

त्रिंबक: ते काय असतं?

वैष्णवी: फोन चालवणारी पद्धतच, पण हिला एक मालक नाही. जगभरातले लोक मिळून लिहितात, दुरुस्त करतात. एका कंपनीनं सोडलं तरी दुसरं कुणीतरी पुढं चालवू शकतं.

अर्जुनराव: आपल्या संस्थेवानीच हाय म्हण.

त्रिंबक: मंग लवकर बसल खाली.

वैष्णवी: आबा, मी तुम्हाला रात्री सांगितलं ते यांनाही सांगते. फसवून काही द्यायचं नाही मला. यावर तो ग्रुप चालत नाही. बँकेचं चालत नाही. बॅटरी दुपारी उतरते. व्हिडिओचा फोन लागला तर लागला. पण साधा मेसेज जातो. अक्षर मोठं करून दिलंय. यादी यातच राहणार, आबांनी पुसल्याशिवाय पुसणार नाही.

त्रिंबक: साधा मेसेज कोन बघतंय, पोरी? त्याच्यात नुसत्या जाहिराती येतात.

अर्जुनराव: मी सांगीन बघायला. घरोघर जाऊन सांगीन.

त्रिंबक: ह्या पायानं?

अर्जुनराव: ह्याच पायानं.

त्रिंबक: आन् ते कोनाड्यात खोकं कसलं दिसतंय?

अर्जुनराव: तुला ठावं न्हाई व्हय? विजयसिंहानं धाडलंय. चारीवरच्या एक्केचाळीस जणांना एक्केचाळीस फोन, त्यातला हा माझा. आत त्याच्या पुतण्यानं बनवलेलं ॲप हाय. पाळ्या त्याच्यातच दिसनार, आन् लिवनार तो पुतण्या. म्या सील बी फोडलं न्हाई.

त्रिंबक: फोड.

अर्जुनराव: काय म्हणलास?

त्रिंबक: फोड म्हणलो. त्यानंच मला त्याच्यासाठी धाडलंय. चाळीस जणांचे अंगठे झाले. तेवढा तुझा ऱ्हायलाय.

अर्जुनराव: चाळीस कसे व्हतील? मी एक आन् तू एक, दोघं सोडले तर एकुणचाळीस व्हतात.

(त्रिंबक बंडीच्या खिशातून नवा फोन काढून ओट्यावर ठेवतो.)

अर्जुनराव: कवा घेतलास?

त्रिंबक: परवा. अंगठा काचेवरच देता येतो आता. शाई बी लागत न्हाई.

अर्जुनराव: शेवटापासून पाणी सुरू करायचं, ह्या एका नियमापायी विजयसिंहाच्या बापाच्या माणसांनी मला चारीत पाडून मारलं. माझं रान तर मधी हाय. मला वरून आलं काय आन् खालून आलं काय, पाणी सारखंच. कुणासाठी मार खाल्ला मी?

त्रिंबक: माझ्यासाठी. तुला बैलगाडीत घालून दवाखान्यात म्याच नेलतं.

अर्जुनराव: मंग तोच नियम मोडायला अंगठा देऊन आलास?

त्रिंबक: नियमावर न्हाई दिला. फोनवर दिला.

अर्जुनराव: एकच हाय ते.

त्रिंबक: तुला वाचता येतं, तरी तुझा फोन कुणाचा हाय ते तुला सात वर्षांत कळलं न्हाई. मला एका दिवसात कसं कळावं?

वैष्णवी: तात्या, पण आमच्याकडं येऊन विचारायचं तरी.

त्रिंबक: इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. मला न्हाई ऐकायचं नव्हतं. पोरगा परमेश्वर आन् सून दिवाळीपासून कर्नाटकात, ऊस तोडायला. नात संगं नेली. इथं ठेवून करनार कोन, म्हातारी हाय का मागं? सहा वर्षांची पोरगी. माझ्या जुन्या फोनात नुसता आवाज येतो. ती आवाजावर बोलत न्हाई, नुसती हुं हुं करती. परवा ह्याच्यात दिसली. पुढचा दात पडलाय तिचा. फोनात तोंड घालून दाखवत व्हती. हा फोन बी मालकाचाच हाय, ठावं हाय मला. पण तुझ्या बिनमालकाच्या फोनात ती दिसंल का?

वैष्णवी: नक्की नाही सांगता येत.

त्रिंबक: बघ. खरं बोलली पोरगी.

अर्जुनराव: मी अंगठा न्हाई दिला तर?

त्रिंबक: तर ॲपात तुझं नाव येनार न्हाई. नाव न्हाई तर पाळी न्हाई. तुझ्या गव्हाला पाणी लागतं का न्हाई? सोड हट्ट. माझ्या तोंडाकडं बघून सोड.

अर्जुनराव: तुझ्या तोंडाकडं बघूनच न्हाई म्हणतोय. वैष्णवी, ते खोकं त्याच्यासंगं दे परत. मला हा लिनक्सवाला ठेव. परवाची यादी मी ह्याच्यात लिवनार, त्रिंबकपासून.

त्रिंबक: लिव. कोन बघंल ती?

अर्जुनराव: कुणी बघू न्हाईतर न बघू. लिवलेली तर ऱ्हाईल.

वैष्णवी: तात्या, तुमच्या फोनवर परवाच्या पाळ्या आल्यात का?

त्रिंबक: आल्या म्हणतात. सकाळी टिंग वाजलं. मला काय वाचता येतं? शिवशंकरला दाखवाया गेलो, तर तो म्हणला, आता ज्याच्या त्याच्या फोनवर आलंय, ज्याचं त्यानं बघावं.

वैष्णवी: द्या इकडं. एक नंबर, सत्यभामाबाई.

अर्जुनराव: विजयसिंहाची चुलती. चारीच्या तोंडाला रान तिचं.

वैष्णवी: दोन, स्वतः विजयसिंह. तीन, बद्रीनाथ. चार...

त्रिंबक: मधले ऱ्हाऊ दे. माझा सांग.

वैष्णवी: चाळीस.

त्रिंबक: ते झालं आकड्याचं. दिवस कितवा?

वैष्णवी: अकरावा दिवस. सकाळी सहा ते दहा.

त्रिंबक: अर्जुन, पाणी किती दिवस सुटतंय ह्या वेळी?

अर्जुनराव: नऊ.

वैष्णवी: आबा, खाली नोंदवायची जागा शोधते. हरकत, तक्रार, असं काहीतरी असेल.

अर्जुनराव: हाय का?

वैष्णवी: नाही. 'मान्य आहे' एवढं एकच बटण आहे.

त्रिंबक: ते म्या दाबलंय.

अर्जुनराव: उद्या सभा हाय संस्थेची. माझ्या शेजारी बस. आपण दोघं उठून बोलू. नऊ दिवसांचं पाणी आन् अकरा दिवसांची यादी, एवढं तरी इचारू त्यांना.

त्रिंबक: फोन परत मागतील.

अर्जुनराव: मागतील.

त्रिंबक: तू बोल. तुझ्याकडं त्यांचं काई न्हाई.

अर्जुनराव: तू?

त्रिंबक: मी सभेला येतो. बसतो मागं.

अर्जुनराव: मागं म्हंजे कुठं? दारात?

त्रिंबक: पोरी, ती यादी काढ तिथून. परमेश्वरला लाव फोन. ह्या टायमाला उसाच्या फडात भाकरी खायाला बसलेले असतात.

वैष्णवी: लागला, तात्या. असा धरा, समोर. हां.

त्रिंबक: दिसतोय का गं मी? तुझा बाप कुठाय? ऱ्हाऊ दे, जेवू दे त्याला. तूच बोल. दात उगवला का? दाव. ... मी व्हय, अर्जुनआबाकडं आलोय. बसलोय निवांत. ... हरभऱ्याचे ढाळे? हायत की. ... व्हय बाई, तू येस्तोवर ठेवतो. लई आलेत औंदा.