न वाजणारा कॅमेरा

कॅमेऱ्यातलं आपल्याला कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. तरी नवा कॅमेरा घेताना दोन छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये मी अडकलो. फोटो सारखेच, वजनही सारखंच. फरक एकच होता, एकाचं बटण दाबलं की खट्ट वाजायचं आणि दुसरा अगदी गप्प. शेवटी दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने घेतले आणि लोणावळ्याहून जवळच्याच औंढे गावी आबांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे गेलो.

फोटो म्हटलं की आबा टोपी नीट करून, श्वास रोखून दगडासारखे बसतात. घरातल्या एकाही फोटोत ते हसलेले नाहीत.

पहिला खट्ट वाजला, आबा सैल झाले. दुसऱ्याने मी चार फोटो काढले, तरी ते हलेनात. तोंड लालबुंद झालं.

"आबा, झालं की!"

"कसं झालं? वाजलं कुटं?" म्हणत त्यांनी श्वास सोडला आणि खो खो हसत सुटले. "लेका, बिघाडलाय ह्यो. दुसराच घे!"

माझं बोट बटणावरच होतं.

मग ओट्यावर बसून मी त्यांना सगळे फोटो दाखवले. हसऱ्या फोटोपाशी आबांनी माझा हात धरला.

"ह्यो कवा काडला? आन् कशानं?"

"तुम्ही ज्याला बिघडलेला म्हणालात, त्यानंच."

आबांनी कॅमेरा हातात घेऊन फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बिघाडलेलाच घे."